यांच्या नावाची तक्रार

४ नोव्हेंबर, मंगळवार
शेळ्यावाली भागूबाई आली, शेजारच्या वाशीहून भूमला, एसटीनं. चहा नको म्हणाली. पदराच्या गाठीतून पिवळ्या पावडरीचं पाकीट काढलं.
"बाई, डाक्टर वारले न्हवं?"
"चौदा महिने झाले भागूबाई. तुम्ही आला होता की."
"तेच म्या सुनंला म्हणलं. म्या त्यांच्या मातीला गेल्ते. ती म्हणती, मोबाइलात तर जित्ते दिसतेत. त्यांनीच सांगितलं ह्ये द्या म्हणून. पोष्टानं आलं. तीन शेळ्या गेल्या, बाई. एक गाभण हुती."
पाकिटावर यांचा फोटो. खाकी जर्किनातला, मीच काढलेला.

४ नोव्हें., संध्याकाळ
मंजूला पुण्याला फोन. तिनं यांची जुनी साईट उघडून पाहिली. म्हणाली, "आई, तू नको बघूस."
बघितली. सगळं तसंच. वर यांचं पूर्ण नाव, खाली शेळ्यांचे आजार, यांनी सहा वर्षं बसून लिहिलेले. आणि फोटोशेजारी हिरवा ठिपका. 'डॉक्टर आत्ता उपलब्ध आहेत.'

६ नोव्हें.
मंजूनं छडा लावला. नेटवरचं नाव विकत मिळत नसतं, वर्षाच्या बोलीवर मिळतं. मुदत संपली, कुणी वाढवली नाही, सुटलं. दुसऱ्यानं उचललं. जुनी पानं कुठूनतरी काढून परत लावली.
"पण आधी सूचना येतात गं. बाबांच्या फोनवर आल्या असतील. फोन कुठंय?"
कपाटात, साड्यांखाली. चौदाव्या दिवशी मीच बंद करून ठेवला. दिवसभर वाजायचा. डॉक्टर हायत का, डॉक्टर हायत का. प्रत्येकाला तेच सांगायचं. पाच-सहा दिवस सांगितलं, मग नाही झालं माझ्यानं.
हे मंजूला सांगितलं नाही. म्हटलं सापडत नाही.

९ नोव्हें., रवि.
'डॉट इन'वाली सगळी नावं ज्याच्या वहीत असतात ते देशाचं नोंदणी कार्यालय. तिथं गैरवापराची तक्रार करता येते. मंजूनं फॉर्म पाठवला. तक्रारीचा प्रकार निवडा : फसवं पान / व्हायरस / नकोसे मेल / इतर.
मेलेल्या माणसाच्या तोंडून बोलणं कशात बसतं? 'फसवं पान'वर खूण केली. पुढं लिहिलं, "हे माझ्या पतीचं नाव आहे." आहे की होतं, यावर अडले. बत्तीस वर्षं मुलांना काळ शिकवले. आहे ठेवलं.
सायबर पोलिसांकडची तक्रार मंजूनं वेगळी टाकली.

१३ नोव्हें., गुरु.
नोंदणी कार्यालयाचं उत्तर. नीट, अदबशीर. पुरावा हवा. तिथं नेमका काय सल्ला देतात त्याचे फोटो, वरचा पत्ता आणि तारीख दिसेल असे.
म्हणजे बोलावं लागणार.
दुपारी बसले. हिरव्या ठिपक्याखालच्या चौकोनात लिहिलं, शेळीचं पोट फुगलंय.
उत्तर लगेच : घाबरू नका. किती वेळ झाला?
हे असंच विचारायचे. आधी घाबरू नका, मग किती वेळ झाला. माणूस असो, जनावर असो. माझ्या आईला झटका आला तेव्हाही.
मग तिथून पावडर मागवा म्हणून आलं. गोडं तेल पाजा, फिरवा, असलं काही नाही. हे असते तर आधी तेल म्हणाले असते. फोटो काढले, पाच. काम झालं होतं.
बंद नाही केलं. लिहिलं, जेवलात का?
"हो. तुम्ही?"
त्याचाही फोटो काढला. तो पाठवला नाही.

१७ नोव्हें.
परत उघडली. तक्रारीचं काय झालं बघायला, असं स्वतःला सांगितलं.
पानं वाचत बसले. मधे मधे त्या लोकांनी आपली वाक्यं घुसडलीत. कुठली ओळ यांची, कुठली त्या लोकांची, कळेना. निम्मं टाइप मीच केलेलं, तरी कळेना. म्हणजे मी ऐकत नव्हतेच का नीट, हे सांगायचे तेव्हा.

२४ नोव्हें., सोम.
मेल. ज्या कंपनीमार्फत नाव घेतलंय तिच्याकडून विचारणा झाली. नोंदणीधारकानं ओळखपत्र सादर केलंय. सोबत प्रत.
नाव यांचं. पत्ता आमचा, भूमचा, हेच घर. फोटोही यांचाच, फक्त कोपरे धूसर.
खाली : धारक हयात नसल्याचा आपला दावा असल्यास तसा दाखला जोडावा.
माझा दावा.

१ डिसेंबर
सात दिवस दाखला बाहेर काढला नाही. भागूबाईचा फोन आला सकाळी, सुनेनं लावून दिलेला. त्यांच्या गल्लीत अजून एकानं पावडर मागवली म्हणे. "म्या वरडले त्याच्यावर. म्हणतो डाक्टरचा फोटू हाय की. तुमी कायतरी करा बाई, लोकं त्यांच्या नावावर डोळं झाकून पाजतेत."
दाखला काढला. नगरपरिषदेतून मंजूनं आणला होता, घडी तशीच होती. उलगडून वाचला, पहिल्यांदा. मृत्यूचं कारण मला वेगळंच माहीत होतं. म्हणजे तेच, पण इतकं थोडक्यात नव्हतं.
पाठवला. खाली सही केली. आज मी लेखी दिलं की हे नाहीत.

५ डिसें., शुक्र.
बंद. 'हे पान उघडू शकत नाही.' पांढरं.
मंजू खूश. "आई, जिंकलीस."
मी भाजी निवडत बसले. चारदा उघडून बघितलं.

११ डिसें.
मेल परत. धारकाची हरकत आलीय. नियमाप्रमाणं त्याचंही ऐकून घ्यावं लागतं, मला उत्तर द्यायला मुदत दिली. सोबत त्याचं पत्र, मराठीत.
"मी स्वतः हयात आहे. सदर तक्रारदार माझी पत्नी असून तिची मनःस्थिती काही महिन्यांपासून ठीक नाही. तिच्यावर राग धरू नये. कृपया माझं नाव मला परत मिळावं, माझी गरीब पशुपालक मंडळी अडली आहेत."
राग धरू नये.
मंजू फोनवर ओरडत होती, हे मशिनकडून लिहून घेतलंय, साईटवरचं सगळं चारून. असेल. मला खरंच वाटतंय ते. पण वाचताना बसले होते त्या खुर्चीतून उठले, का कोण जाणे, डोक्यावर पदर घेतला.

१३ डिसें., शनि.
सगळं सांगितलं मंजूला. फोन बंद केलेला, जेवलात का विचारलेलं, सगळं. ती म्हणाली, "मी पण एकदा लिहिलं होतं, आई. नुसतं 'बाबा'."
"काय आलं?"
"विचारलं, तुमच्या किती शेळ्या आहेत."
दोघी हसलो. मग नाही हसलो.

१५ डिसें., सोम.
तहसीलला प्रतिज्ञापत्र केलं. साक्षीला भागूबाई, दहाच्या एसटीनं आली. तिथल्या बाबूनं विचारलं, मयताला ओळखत होता?
"वळखत म्हंजी? माज्या शेरडाचं अडल्यालं करडू त्यांनी रानात सोडवलं. हात खांद्यापतुर रगतानं भरला हुता. मोबाइलातल्याला म्हणावं, दाव हात."
बाबूनं अंगठा घेतला. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तुमी कायतरी खाता का न्हाय?"

१६ डिसें.
सगळं जोडून पाठवलं. दाखला, प्रतिज्ञापत्र, पाकिटाचा फोटो. आणि तो सहावा फोटोही, जेवलात कावाला. त्यांना काय समजायचं ते समजू दे.
अर्धा तास झाला असेल. पोच आली.
'नोंदणीधारक हयात आहे अथवा नाही, ही बाब विचाराधीन आहे. निर्णय झाल्यावर कळवण्यात येईल.'
दोनदा वाचलं. मुदत दिलेली नाही.