माउंटखाली झाकलेला कोपरा

९ जानेवारी

घर सापडलं! जुन्या बाजारात, बंद पडलेल्या छापखान्याच्या गल्लीत. खाली दुकानाएवढी खोली, रस्त्याकडे भली मोठी खिडकी, वर राहायला दोन खोल्या. जिना इतका बुटका की नवऱ्याने चढतानाही डोकं आपटलं आणि उतरतानाही. तरी म्हणाला, "घेऊया." खिडकीतून असा उजेड येतो की काच कापताना दिवा लावायला नको.

आत्ता काय आहे? स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका बाजूला भाजी चिरायची, दुसऱ्या बाजूला काच कापायची. परवा मुलीच्या ताटात काचेचा कण निघाला. तिने तो बोटावर घेऊन मला दाखवला. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

एजंट म्हणाला, "अट एकच मॅडम. ही गल्ली कलाकारांची. समिती आधी तुमचं काम बघणार, मग विक्री." म्हटलं, मी फ्रेमा करते — लोकांच्या चित्रांच्या, फोटोंच्या. त्याने तोंड वाकडं केलं. "ते सुतारकाम झालं हो. चित्रं नाहीत का काही?"

"आहेत," म्हणाले मी.

आहेत. पण माझी नाहीत.

११ जानेवारी

ताईची चित्रं कपाटावरून काढली. भाऊजी आजारी पडायच्या आधी तिने दिली होती — "सवड झाली की फ्रेम कर गं." सवड! अख्ख्या गावाची चित्रं भिंतीला लावली आणि सख्ख्या बहिणीची धूळ खात ठेवली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. भाऊजी गेल्यावर तिने ब्रश हातात धरला नाही. दवाखान्याच्या काउंटरवर बसते, लोकांना नंबर देते.

सगळी चित्रं वाळत घातलेल्या कपड्यांची. गच्चीवरचे, खिडकीतले, गॅलरीतले. एकात बाबांचा खिसा फाटलेला शर्ट आहे, वाऱ्याने फुगलेला. बघितल्याबरोबर बाबाच आठवतात. उजव्या कोपऱ्यात खाली तिची सही — बारीक, निळी.

आज माउंट कापले. चित्राभोवती जो पांढरा जाड पुठ्ठा बसतो, तो. बाबांनी आम्हा दोघींना शिकवलं होतं: सहीच्या खाली बोटभर जागा सोडायची, सही गुदमरता कामा नये. मी खालची बाजू उलट बोटभर वर घेतली. सही पुठ्ठ्याखाली गेली.

हात थरथरला असता तर बरं वाटलं असतं. नाही थरथरला. धार सरळ आली, नेहमीसारखी.

१८ जानेवारी

समिती झाली. अध्यक्षबाई माग चालवतात, बोटं सुतासारखीच बारीक. बरोबर गल्लीतला कुंभार. दोघं चित्रांच्या जवळ गेले. मग कुंभार म्हणाला, "हा शर्ट बघा. आत माणूस नाही, तरी आहे." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजली!

पुढचं लिहायचं नव्हतं. लिहिते.

अध्यक्षबाई फ्रेमपाशी वाकल्या. कोपऱ्याच्या जोडावरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. "या फ्रेमा कुणी केल्या?"

चोराच्या मनात चांदणं! मला वाटलं, फ्रेम माझी म्हटलं की ही फ्रेमवाली आहे हे कळणार, मग चित्रंही हिची नाहीत हे कळणार. म्हणाले, "बाहेरून करून घेतल्या."

"मग त्या माणसाला आमच्याकडे आणा हो! इथे चित्र काढणारे पैशाला पासरी. धड फ्रेम करणारा एक नाही. आम्ही त्याला हातोहात घर दिलं असतं."

सगळे हसले. मीही हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ जानेवारी

फ्रेमा चालतील का, हे मी एजंटला विचारलं. समितीला का नाही विचारलं मी? एक साधा प्रश्न!

२ फेब्रुवारी

घर मंजूर. मुलगी नाचली. नवरा म्हणाला, "ताईंना सांगून टाक आता. त्या काय परक्या आहेत?"

परक्या असत्या तर सांगितलं असतं. तोंडाने "सांगते" म्हटलं.

२६ फेब्रुवारी

राहायला आलो. ज्या खिडकीसाठी जीव टाकला, तिला जाड पडदा लावलाय. काच, पट्ट्या, खिळे, सगळं जिन्याखालच्या अंधारात. तिथेच दिवा लावून काम करते. गिऱ्हाइकांना मागच्या दाराने बोलावते. त्यांना वाटतं, बाईला चोरीचा माल मिळतो.

कुंभार रोज हाक मारतो, "अहो, खिडकीत बसून काढा की चित्रं! आम्हालाही बघू दे." मी म्हणते, "कुणी बघितलं की माझा हात चालत नाही." त्या दिवशी समितीसमोर उभी होते ना, तेव्हा काय चाललं होतं माझं? जीभ. जीभ मात्र मस्त चालते.

मुलगी आता ओट्यावर बसून जेवते. निर्धास्त. तेवढं सुख आहे आणि तेही घशाखाली उतरत नाही.

२१ मार्च

एप्रिलच्या पहिल्या रविवारी गल्लीतली सगळी दारं लोकांसाठी उघडी ठेवतात. माझी चित्रं खिडकीत हवीत, असा अध्यक्षबाईंचा निरोप. "माझी"!

आणि आज ताईचा फोन. "दोन दिवस राहायला येते गं. घर बघायचंय तुझं." नको म्हणायला तोंड उघडलं. "ये" निघालं.

एप्रिलचा पहिला शनिवार

ताई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिला चित्रं दिसली.

"केल्यास! चिमे, फ्रेमा केल्यास!" डोळे भरले तिचे. एकेका चित्रासमोर उभी राहिली. बाबांच्या शर्टावर, काचेवरून, बोट फिरवलं. मग बोट खाली सरकलं. उजव्या कोपऱ्याकडे.

"सही झाकली गेलीय गं."

"माप चुकलं," म्हणाले मी.

बाबांची मुलगी आणि माप चुकलं! तिने एकदा दुसऱ्या चित्राकडे पाहिलं, एकदा तिसऱ्याकडे. सगळीकडे तेवढंच चुकलेलं. "बरं," म्हणाली.

दुपारी एका गिऱ्हाइकाचं काम निघालं तर जिन्याखाली माझ्याशेजारी येऊन बसली, फ्रेमांच्या मागे चिकटपट्टी लावायला. मी चिकटपट्टीचे कोपरे तिरके कापून जुळवते. ती अजूनही पट्टीवर पट्टी चढवते. बाबा ओरडायचे तिला, "ही फ्रेम आहे की जखम?" ते आठवून दोघी पोट धरून हसलो. तेव्हाच सांगायचं होतं. हसू इतकं छान चाललं होतं की मोडवलं नाही.

रविवार

माणसांची रीघ. अध्यक्षबाईंनी ताईचा हात हातात घेतला. "तुम्ही थोरल्या का? काय हात आहे हो तुमच्या बहिणीचा! या चित्रांवरच घर दिलं आम्ही."

मी तिथेच होते. दोन पावलांवर.

ताई म्हणाली, "हो. लहानपणापासूनच." आणि चहा ठेवायला आत गेली.

आत जाऊन मी काय केलं? कपबशा पुसल्या. तिने साखर विचारली. मी डबा दाखवला.

सोमवार

सकाळी काच आणायला गेले. गेले म्हणजे पळाले. ताई एकटी घरी होती. दुपारी परत आले तर पिशवी भरून दारात उभी. पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "उजेड छान आहे गं घरात. पडदा कशाला लावतेस?"

एक कानाखाली दिली असती तर सुटले असते मी.

मंगळवार

ठरलं. उद्या माउंट नव्याने कापायचे, बाबांनी शिकवले तसे. सही मोकळी करायची आणि सगळी चित्रं अध्यक्षबाईंच्या मागासमोर नेऊन उभी करायची. नवऱ्याला सांगितलं.

"घर गेलं तर?"

"जाऊ दे."

त्याने चित्रं मोजली. मग म्हणाला, "मी उचलू लागतो."

बुधवार

पहिली फ्रेम पालथी घातली. मागची चिकटपट्टी नवी आहे. पट्टीवर पट्टी चढवलेली.

उघडली. कोपऱ्यात सही नाही. पात्याने खरवडून काढलीय, हळूच, चित्राला धक्का न लावता. दुसऱ्यातही. बाबांच्या शर्टातही. सगळ्यांत.

फोन केला. म्हणाली, "घर राहू दे तुझं, चिमे. माझं चित्र काढणं तर सुटलंयच." आणि ठेवला.

पडदा काढून टाकला. चित्रं माउंटशिवाय खिडकीत टेकवलीत, खरवडलेला कोपरा रस्त्यावरून दिसेल अशी. कुंभार येऊन थांबलाय. काचेला नाक लावून त्या कोपऱ्याकडेच बघतोय.

दार उघडायला जाते.