दोन तासांनंतरचा आकडा

३ डिसेंबर, मंगळवार

स्केचपेनने लिहितेय. पानावर जेमतेम चार ओळी मावतात, पण मोतीबिंदू पिकलाय, बारीक अक्षर दिसतच नाही. डॉक्टर म्हणाले, "जेवणानंतर दोन तासांनी साखर १८०च्या आत ठेवा. महिनाभर जमलं की ऑपरेशन करू." रेणुकाचं बाळंतपण फेब्रुवारीत, पुण्याला. घर, आंब्याची कलमं टाकून हे यायचे नाहीत. मी एकटी जाणार, तीनेक महिने. लेकीच्या बाळाचं तोंड मला नीट बघायचंय — धुक्यातलं नको.

चॉकलेट सोडू का, विचारलं. डॉक्टर हसले. "काळं, कडू खा. जेवणावर एक वडी. मग चाला."

५ डिसेंबर

नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वर वडी. चावायची नाही — पोरांना वर्गात दम द्यायचे तसा स्वतःलाच दिला. डोळे मिटले. आधी कडू, मग हळूहळू तुपासारखी पसरत गेली... कुठेतरी लांब मी बाळाला न्हाऊ घालत होते. पाणी कोमट होतं. बाळ रडत नव्हतं.

मग ह्यांनी हाताला धरून घरापुढच्या खळ्यात फिरवलं. मुंबईची नोकरी संपवून दोन वर्षांपूर्वी घरी आलेला हा माणूस — एवढा वेळ हात कधी धरला नव्हता. मला सगळी झाडं विरघळलेली दिसत होती. बरं वाटत होतं.

दोन तासांनी बोट टोचलं. मशीनवरचा आकडा मला कुठला दिसायला! ह्यांनी वाचला. २१२.

९ डिसेंबर

अर्धीच वडी. २०६.

१४ डिसेंबर

वडी बंद. नुसता कागद हुंगला आणि झोपाळ्यावर बसले. सगळी दुपार त्या वासात तरंगत गेली. तरी २१०. मेलं नशीबच! रडले. हे म्हणाले, "जाऊ दे गं. ऑपरेशनची काय घाई? मी आहे ना."

२१ डिसेंबर

भाकरीपण अर्धी केली. चक्कर आली. तरी २०४. रेणुकाला फोनवर सांगून टाकलं, माझं येणं काही जमत नाही. हे शेजारीच बसून ऐकत होते.

३ जानेवारी, शुक्रवार

देवरूखला डॉक्टरांकडे. हे म्हणाले, मशीन घरीच राहिलं. मी पिशवीत टाकलं होतं, काढून दिलं. डॉक्टरांनी बटण दाबत जुने आकडे वाचले. १५१. १४४. १३८. महिन्याभरात एकही १८०च्या वर नाही — वडी खाल्ली त्या दिवशीसुद्धा! "मग ऑपरेशन लांबवायचं कशाला?" म्हणाले. पुढच्या सोमवारची तारीख दिली.

हे खाली बघत होते.

४ जानेवारी

सकाळी चहा देताना विचारलं, का केलंत? म्हणाले, "तू पुण्याला गेली असतीस. मुंबईत एकतीस वर्षं एकटा राह्यलो गं. पुन्हा नको वाटलं."

ती एकतीस वर्षं मी इथे एकटीने कशी काढली, हे ह्यांनी मला अजून एकदाही विचारलेलं नाही.