धारूरच्या घाटात मी हिंदी बोललो

माय, काल मी दिवसभर गाडी चालवली. वेरूळहून पहाटे निघालो, जायचं थेट कन्याकुमारीपर्यंत आहे. दिवाळीच्या सुट्टीसाठी बायकोने हौसेने मोठी गाडी भाड्याने घेतली. आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रिज, खिडक्यांना पडदे. दुपारपर्यंत माझे खांदे भरून आले होते, पण लेक मागे लोळत सारखी म्हणत होती, "बाबा, घरासकट फिरतोय आपण! असं कुणीच फिरलं नसेल."  ऊसतोडीला साखर कारखान्यावर जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आपलंही घरच तर असायचं. पत्र्याची पेटी, तवा, डालग्यातल्या कोंबड्या, बाजरीचं पोतं आणि त्या पोत्यावर मला मांडीत घेऊन बसलेली तू. वारा लागू नये म्हणून माझ्या कानांवरून पदर गुंडाळायचीस, आणि तुझे स्वतःचे कान उघडे असायचे.

हे मी घरात कधी सांगितलं नाही. गावाकडे आमची थोडी शेती होती, एवढंच दोघींना माहीत. मी तिसरीत असताना शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं, इतके महिने कुठे होतास? मी म्हणालो, मामाच्या गावाला. ते तुझ्या कानावर आलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानेच माझी हनुवटी वर केलीस. "कावून खोटं बोललास? ऊस तोडाया गेलतो मनून सांग की. चोरी केली का काय आपुन?" दुसऱ्या दिवशी हाताला धरून मला शाळेत नेलंस आणि सगळ्या वर्गासमोर ते माझ्याकडून म्हणवून घेतलंस. बाई नुसतं "बस खाली" म्हणाल्या. तू मात्र मी बसेपर्यंत दारातून हलली नाहीस.

काल तेलगाव मागे पडलं आणि घाटाच्या पायथ्याला एक ट्रॅक्टर उभा दिसला. ट्रॉलीचा टायर फुटलेला, ऊसतोड टोळीतली माणसं खाली उतरलेली. एक बाई हात करत रस्त्यात आली. काखेत लेकरू, त्याची मान तिच्या खांद्यावर पडलेली. मी काच खाली केली.

"दादा, लेकरू तापीनं फणफणलंय. धारूरच्या दवाखान्यापत्तुर न्या. लई उपकार व्हतील."

आपलीच बोली, आपलाच हेल. ही आत बसली की विचारणार, कोन्या गावचे तुमी? आणि माझ्या तोंडून सगळं निघणार. शिवाय, खरं सांगतो, मागच्या पांढऱ्या चादरीही डोळ्यांसमोर आल्या. मी म्हणालो, "जगह नहीं है, बहनजी. हमको मराठी नहीं आती."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती बाजूला झाली आणि मागच्या माणसाला म्हणाली, "परमुलखातला हाय. त्याला कळंना."

मी गाडी पुढे काढली. पहिलं वळण संपायच्या आत लेकीने विचारलं, "बाबा, तुला मराठी येत नाही?" बायको समोर बघत म्हणाली, "गाडी वळव." पण एवढी लांब गाडी घाटात वळते कुठे? अख्खा घाट चढावा लागला.  मग वळवून पुन्हा खाली उतरलो. टायर बदलणारा माणूस म्हणाला, बाई कुणाच्या तरी मोटरसायकलवर गेली. पुन्हा घाट चढलो.

धारूरच्या सरकारी दवाखान्यात ती सापडली. दोघी गाडीत थांबल्या होत्या, मी एकटाच आत गेलो. लेकराला सलाईन लावलं होतं, ते डोळे उघडून बघत होतं. मला पाहून ती शेजारच्या म्हातारीला म्हणाली, "बगा मावशी, परमुलखातला असून इचारपूस कराया आला." मग माझ्यासाठी शब्द जुळवत, लेकराच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "बुखार... कम. डॉक्टर बोला, अच्छा होगा."

ती माझ्यासाठी हिंदी बोलत होती, माय. तेव्हा तरी मी तोंड उघडायचं होतं. मी "अच्छा है, अच्छा है" म्हणालो आणि बाहेर आलो. लेकीने विचारलं, "सॉरी म्हणालास?" मी म्हणालो, "हो."

आता सकाळ झाली आहे. विजापूरच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावली आहे, दोघी अजून उठलेल्या नाहीत. उठल्या की लेकीला सगळं सांगायचं ठरवलं आहे, पण पहिलं वाक्यच सुचत नाही. म्हणून आधी तुला लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं. येत असतं, तर मला वाटतं, तू गेल्यावरसुद्धा मी हे लिहिलं नसतं.