अर्नी वेडलच्या वाफ्यातला मुडदा

१ सप्टेंबर, रविवार
आज टीव्हीवर इन्स्पेक्टर ऑर्मरॉडचा नवा सीझन सुरू झाला. काय माणूस आहे! कमी बोलतो, बिनसाखरेचा कोरा चहा पितो, भर उन्हाळ्यात ओव्हरकोट घालतो, फोन उचलत नाही. बायको सोडून गेलेली. सगळ्या थोर डिटेक्टिव्हांच्या बायका सोडून गेलेल्या असतात, त्याशिवाय डोकं चालत नाही. माझ्या मार्गात तेवढी एक अडचण आहे. डोरीन.
तिचा आवडता डिटेक्टिव्ह म्हणजे कादंबऱ्यांतली ती मिसेस पॉमफ्रेट. खानावळवाली. लोकांना जेवू घालते आणि त्यांचं बोलणं ऐकते. ऐकून कधी खून उकलतो का?
संकल्प: उद्यापासून ऑर्मरॉडसारखं राहायचं. कौन्सिलात बेकायदा पार्किंग पकडण्यात हयात गेली, म्हणजे पाया तयारच आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार
ओव्हरकोट घातला. घाम.
न्याहारीच्या वेळी डोरीन तिच्या बहिणीबद्दल, कार्लाइलच्या थेल्माबद्दल, काहीतरी सांगत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बघण्यासारखं होतंही. शेजारचा अर्नी वेडल आपल्या लीकच्या वाफ्यावर गोधडी पसरत होता. (लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. आमच्या हॅलबर्नमध्ये माणसं पोरांपेक्षा त्यांना जास्त जपतात.) पण गोधडी? माणूस गोधडी कशावर घालतो? ज्याचा चेहरा दिसू नये, त्याच्यावर.

७ सप्टेंबर, शनिवार
कोरा चहा जमला. पहिला घोट जमला, असं म्हणू. बिस्किटं चार खाल्ली, पण विचार करत खाल्ली.
डोरीन म्हणाली, "क्लिफ, मी बोलत्येय ते डोक्यात शिरतंय का?" मी सावकाश मान हलवली. ऑर्मरॉड अशीच हलवतो. "मग बुधवारी," ती म्हणाली. बुधवारी काय, ते विचारलं नाही. विचारणं म्हणजे दुबळेपणा.

११ सप्टेंबर, बुधवार
लायब्ररीतून परत आलो. घर रिकामं. चूल थंड. डोरीन नाही!
तिचा निळा कोट नाही, छोटी बॅग नाही. साधा माणूस म्हणेल, गावाला गेली असेल. पण मुरलेला गुन्हेगार बॅग मुद्दाम नेतो, बाई आपणहून गेली असं भासवायला. सीझन तीन, भाग दोन.
संध्याकाळी फोन सारखा खणखणत होता. उचलला नाही. तपास चालू असताना ऑर्मरॉड उचलत नाही.
जेवण: उरलेली बिस्किटं.

१२ सप्टेंबर, गुरुवार
धागा सापडला! पत्रं टाकणाऱ्या बाईने डोरीनला काल सकाळी अर्नीच्या गाडीत बसताना पाहिलं. बॅग अर्नीच्या हातात होती.
आणि अर्नीच्या वाफ्यात एका कडेची माती ताजी उकरलेली आहे.
कुंपणापाशी गाठलं त्याला. म्हटलं, डोरीन कुठे आहे? तो खो खो हसला. "बायको तुझी आणि पत्ता मला विचारतोस? लेका, तू घरात असतोस तरी कुठे?" असं फक्त अपराधी माणूस हसतो. वीस वर्षं या माणसाबरोबर बिअर प्यायलो! माझं गवतसुद्धा तोच कापतो. आता कळलं, का कापतो ते. पाळत ठेवायला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
अर्नी क्लबात गेल्यावर फावडं घेतलं. आधी पोलिसांना फोन केला, म्हणजे पंचनाम्याला उशीर नको.
दोन रांगा खणल्या. लीक उपटावेच लागले. मनगटाएवढे जाड होते, निघता निघेनात. खाली घोड्याची लीद. त्याखाली आणखी लीद.
अर्नी परत आला तेव्हा मी कमरेपर्यंत खड्ड्यात होतो. मला वाटलं, धावून येईल. तो पालथ्या बादलीवर बसला. एक तुटका लीक मांडीवर घेऊन माती पुसत राहिला. त्याच्या वडिलांनी राखलेलं बियाणं होतं म्हणे. आठवड्यावर क्लबातलं लीकचं प्रदर्शन. तो एक शब्द बोलला नाही. हे ऑर्मरॉडच्या मौनासारखं नव्हतं. मला कुठे बघावं कळेना.
मग पोलीस आली. तरुण पोरगी. विचारलं, डोरीनच्या अंगावर काय होतं? निळा कोट, मी सांगितलं. चपला? डोळ्यांचा रंग? अलीकडे कशाबद्दल बोलत होती? मी म्हटलं, थेल्माबद्दल काहीतरी. "काहीतरी म्हणजे काय, काका? थेल्माला फोन केलात का?"
तिनेच लावला. डोरीनने लगेच उचलला. थेल्माचं ऑपरेशन आहे, मी पंधरा दिवस जातेय, अर्नी स्टेशनवर सोडणार आहे, हे तिने मला रोज सांगितलं होतं म्हणे. फ्रीजमध्ये माझ्यासाठी शेफर्ड्स पायही (खिम्यावर बटाट्याचा थर देऊन भाजलेला) ठेवला होता.
फ्रीज मी तपासला नव्हता. आता कोणीही चुकेल.

१५ सप्टेंबर, रविवार
फ्रीजमधला शेफर्ड्स पाय आंबला होता.
अर्नीने तक्रार केली नाही. नुकसानभरपाईही नको म्हणाला. एकच अट: प्रदर्शनाच्या दिवशी क्लबात सगळ्यांसमोर चूक कबूल करायची. लोक नाहक राईचा पर्वत करताहेत. माझ्या तर्कात चूक नव्हती, फक्त मुडदा नव्हता.
डोरीनला फोन केला. येशील ना? म्हणाली, "येईन. अर्नीसाठी."

२१ सप्टेंबर, शनिवार
क्लब खचाखच. लांब टेबलावर सगळ्यांचे लीक धुऊन-पुसून मांडलेले. अर्नीच्या नावाची चिठ्ठी होती, पुढे जागा मोकळी.
ऑर्मरॉड शेवटी सगळ्यांना एका दालनात जमवतो आणि गुन्हेगाराचं नाव सांगतो. हे दृश्य माझ्या आयुष्यात येईल, असं वाटलं नव्हतं. कोटाच्या खिशात हात घातले. म्हणालो, "या खोलीत एक गुन्हेगार बसलेला आहे."
मागून कोणीतरी ओरडलं, "तो उभा आहे, क्लिफ! आटप, बिअर गरम होतेय."
सगळे हसले. अर्नी हसला नाही. मी भाषण खिशातच ठेवलं. म्हटलं, अर्नी, माझं चुकलं. आवाज भलताच बारीक निघाला. अर्नीने मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते समजलं नाही. ते ओळखायला काय बघायचं असतं, कोण जाणे.
डोरीन त्याच्या शेजारी बसली होती. तिच्यापाशी गेलो. काहीतरी विचारायला हवं होतं. विचारलं, थेल्माचा गुडघा कसा आहे?
"खुबा," डोरीन म्हणाली.
आणि साडेपाचच्या बसने कार्लाइलला परत गेली.