माझ्या रिळावरची दोरी

समता,

मला न विचारता गळाच्या रिळावरची बारीक, पाण्यात न दिसणारी फ्लोरोकार्बन दोरी काढून जाड नायलॉन काऊन भरली? वर म्हणतेस, "बाबा, तुमच्या हाताले आता बारीक दोरी झेपत नाही." परवा दोरी तुटून मासा गेला तो माझ्या हातामुळे नाही. रिळाचा ब्रेक तूच आवळून ठेवला होतास, मासा ओढू लागला तरी दोरी सुटेना, म्हणून तुटली. धरणाचं पाणी निवळलं आहे, जाड दोरी माशाला लांबूनच दिसते.

मी नवी दोरी आणायला एसटीने मेहकरला जातो. साठीत तूच मला लिहायला, आकडे वाचायला शिकवलंस, म्हणून दोरीची जाडी, शून्य पॉइंट सोळा मिलिमीटर, मी स्वतः वाचून घेईन. तुझ्या नायलॉनवर कपडे वाळत घाल.

चार वाजता धरणावर यायचं तर ये. ब्रेकला हात लावू नकोस.

बाबा