सहाव्या पावलावरचं लंगडणं

सिन्नर,
रविवार, दुपार

ती. आशाताईस,
धम्मपालचा सप्रेम जयभीम.

दाजींनाही जयभीम. त्यांची साखर कुठवर उतरली? सकाळी गंगापूर रोडला फिरायला जातात ते उत्तम, पण परतताना मिसळीच्या दुकानात त्यांना कोण कोण भेटतं याची चौकशी करत जा (मी काही बोललो नाही असं समज). तुझी पाठ कशी आहे? नव्या गादीचा उपयोग झाला का? आम्ही सगळे मजेत. हे फोनवरही लिहिता, म्हणजे सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचू देत नाहीस. तीस वर्षं मुख्याध्यापिका होतीस, तुझा दोष नाही. कागदावर मला मध्येच कोणी 'बस खाली' म्हणत नाही.

तर ताई, मोहदरीच्या घाटात गाडी घसरल्यापासून माझा उजवा गुडघा माझं ऐकत नाही, हे तुला ठाऊक आहे. डॉक्टर तू शोधलास, ऑपरेशनची तारीख तू ठरवलीस आणि मी ती तीनदा पुढे ढकलली. तू म्हणतेस मी भित्रा आहे. आहेच. पण ऑपरेशननंतर सहा आठवडे घरी बसायचं, म्हणजे माझा तिसरी-चौथीचा वर्ग सहा आठवडे यादव सरांकडे जाणार. आमची शाळा दोन शिक्षकांची. यादव सर सज्जन माणूस, पण चार वर्ग एकट्याने सांभाळायचे म्हटल्यावर त्यांच्याकडे एकच उपाय असतो, हाताची घडी, तोंडावर बोट. गेल्या वर्षापर्यंत माझ्याकडेही तोच होता. आता माझा वर्ग नाचतो. (हसून घे, मी थांबतो.) आणि तो सहा आठवडे गप्प बसला तर त्यातली एक मुलगी कायमची गप्प होईल, अशी मला धास्ती आहे. तिचं पुढे सांगतो.

याची सुरुवात जुलैत झाली. नाशिकला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, नाचातून शिकवण्याचं. यादीत माझं नाव कसं आलं कोण जाणे. मी स्वतःच्या वरातीतही पाहुण्यांच्या पिशव्या सांभाळत उभा होतो. हॉलमध्ये आम्ही चाळीस शिक्षक, सगळे भिंतीला पाठ लावून. शिकवायला राखी नावाची मुलगी, आपल्या पोरींच्या वयाची. ती म्हणाली, "सर, पाठांतर फक्त तोंडालाच असतं असं कोणी सांगितलं? पायांनाही असतं." मग तिने पडदे ओढले, म्हणजे रस्त्यावरून आम्हाला कोणी ओळखू नये, आणि बेचा पाढा पावलांनी म्हणायला लावला. आठव्या पावलाला मला वाटलं, हा पाढा मी आजवर नुसता ऐकला होता, त्यात कधी गेलो नव्हतो. परत येताना जीपमध्ये तिघांच्या जागेत पाचजण, तरी माझे पाय आपले चालूच. बाहेर मक्याच्या ओळी मागे जात होत्या आणि प्रत्येक ओळीला एक पाऊल द्यावंसं वाटत होतं. शेजारच्या बाईंनी पाय आखडून घेतले.

शाळेत आल्यावर मी थेट सातच्या पाढ्याला हात घातला, कारण तो पाढा मुलं वर्षानुवर्षं चुकवतात. पाच पावलं ठीक गेली. सहाव्याला उजव्या पायावर गिरकी होती. तिथे गुडघा अडकला, मी खाली वाकलो, तोंडातून 'आई गं' निघालं, आणि दम घेऊन मी 'बेचाळीस' म्हणालो. माझ्यामागची तेवीसच्या तेवीस मुलं सहाव्या पावलावर वाकली, कळवळली आणि म्हणाली, सात सक आई गं बेचाळीस. मला वाटलं चेष्टा करतात. पण चेहरे पाहिले तर एकजात गंभीर. त्यांना तो पाढ्याचाच भाग वाटला होता. मीही सुधारलं नाही, कारण त्या दिवसापासून सात सक कोणी विसरलं नाही. खिचडी खाऊन झाली की ऊन खिडकीतून फरशीवर येतं, तेवीस डोकी एका तालात वरखाली होतात, धूळ उजेडात तरंगत राहते, आणि मला कधीकधी वाटतं की मी शिकवत नाही, कुणाच्या तरी दुपारच्या झोपेत उभा आहे. घंटा झालेली कळत नाही. यादव सर दारात येऊन खाकरतात.

आता ती मुलगी. नाव तेजल. जूनमध्ये दुसऱ्या शाळेतून आली. वडील अंबडला कंपनीत, आई इथे माहेरी. वर्गात हजर, पण आवाज नाही. हजेरीलाही नुसता हात वर. मी रागावून पाहिलं, चॉकलेट देऊन पाहिलं, काही नाही. मग एकदा मैदानावर जिल्ह्याचा नकाशा केला. एकेक मूल एकेक तालुका, आणि गोदावरी तेजल, कारण नदीला बोलायचं नसतं. ती त्र्यंबकहून निघाली, हात पाण्यासारखे हलवत नाशकातून गेली, निफाडमधून गेली, आणि पुढे कुठे थांबायचं ते सांगायला मी विसरलो. ती पूर्वेकडच्या फाटकातून बाहेर पडली. आम्ही सगळे बघत उभे होतो, इतकं ते सुंदर होतं. भानावर आलो तेव्हा ती पिठाच्या गिरणीपलीकडे पोचली होती. हाका मारून थांबेना. शेवटी मी दारणा झालो, बाजूने लंगडत तिला जाऊन मिळालो, आणि दोन्ही नद्या हळूहळू वळून शाळेत परत आल्या. भूगोलाचं काय व्हायचं ते होवो. वाटेत तिने माझं बोट धरलं होतं. मला इतका आनंद वर्षानुवर्षं झाला नव्हता, ताई.

पण गावाने माझ्यावर बैठक बोलावली. झालं असं की मुलं पाढा घरी नेतात. कुणी विहिरीवर म्हणतं, कुणी दुकानातून येताना. गावाला दिसलं एवढंच की तिसरी-चौथीची पोरं मधूनच लंगडतात आणि कण्हतात. फुलाबाई नावाच्या आजीबाईंनी चार नातवंडांना ओळीने झोपवून आठवडाभर गुडघ्यांना तेल चोळलं. त्यांचा मुलगा कारभारी शाळा समितीचा अध्यक्ष. तो बैठकीत म्हणाला, "गुर्जी, आमी पोरं धडधाकट दिली व्हती. तुमी लंगडी करून दिली." मी खुलासा द्यायला उभा राहिलो, गुडघा अडकला आणि नेमकं 'आई गं' निघालं. बैठक माझ्याकडे बघतच राहिली. कारभारी म्हणाला, "हे असलं नाचकाम बंद. नाय तर काय शिकली ते दावा. सात सऱ्या, सरीला सहा रोपं, किती रोपं लागतील? कुनीबी पोरगं सांगू द्या."

मुलं खिडकीला लटकलेली होती. सगळ्यांना येत होतं, पण अध्यक्षांसमोर पुढे कोण येणार? दारातून आत आली ती तेजल. मधोमध उभी राहिली आणि सात एके सातपासून निघाली. आवाज बारीक, पण स्वच्छ. तो मी पहिल्यांदाच ऐकत होतो. सहाव्याला वाकली, कळवळली, बेचाळीस म्हणाली, आणि कोणी थांबवायच्या आत सत्तरपर्यंत जाऊन आली. तिची आई पाठीमागे पदर तोंडाला लावून बसली होती. फुलाबाईंनी पोरीला मांडीवर ओढलं आणि आधी गुडघा चाचपला. म्हणाल्या, "हिला तर काय बी नाय झालं. लय गुणाची हाय." ठराव झाला की नाच राहू द्या, लंगडणं काढा.

लंगडणं काढायला मी पंधरा दिवस झटलो. पाय सरळ ठेवा म्हटलं की मुलं पाचव्याला थांबतात आणि आकाशातून उत्तर यायची वाट बघतात. कळवळल्याशिवाय बेचाळीस येत नाही. तेजल तर पुन्हा नुसता हात वर करायला लागली. मी मुकाट्याने लंगडणं परत आणलं, तेव्हा ती बोलायला लागली. समितीला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा ताई, तारीख आता ढकलत नाही. पुढच्या सोमवारी मी दवाखान्यात हजर होतो. दाजींना नमस्कार सांग, आणि गोड कमी खायला सांग.

तुझा,
धम्मपाल

ता. क. : दाखल होतो, पण एका अटीवर. ते सहा आठवडे माझा वर्ग तू घ्यायचा. घरी नुसतं बसून तुझी पाठ दुखते, असं तूच म्हणतेस. यादव सरांना विचारलंय, ते आनंदाने रडायचेच बाकी होते. मुलांनाही सांगून टाकलंय, त्यामुळे आता नाही म्हणता येणार नाही.

ता. क. दुसरा : उजवा पाय, सहावं पाऊल. वाकणं कमरेतून नको, गुडघ्यातून हवं. 'आई गं' फार मोठ्याने म्हणू नकोस, शेजारी फुलाबाईंचं घर आहे, त्या तेल घेऊन येतील. तू जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमचं पहिलं पथक चालवायचीस, तेव्हा आम्ही सगळे तुझ्या पायांकडे बघून पाऊल टाकायचो. हे तू तुझ्या शाळेत कधी कोणाला सांगितलं नाहीस, म्हणून मीही गप्प होतो. दाजींसमोर सराव करून बघ.

ता. क. तिसरा : काल शाळा सुटताना तेजल माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "गुर्जी, तुमचा पाय बरा झाल्यावर सात सक किती होतील?" मी बेचाळीसच सांगितलं. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि तिला पटलेलं दिसलं नाही. ताई, मी नसताना ते बेचाळीसच झालं पाहिजे, एवढं बघ.