म्हाताऱ्याचं शिसं

३ मार्च
सिरगा आली बिश्केकहून. माझी नात. बूटही न काढता विचारते, "अपा, आजोबांचा डबा कुठंय?" नवरा जाऊन इतकी वर्षं झाली, आत्ता त्याच्या डब्याला मागणी!

म्हातारा छापखान्यात खिळे – छपाईची शिशाची अक्षरं – जुळवायचा. तालुक्याचं वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा मथळ्याची शिशाची अक्षरं पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणली. मला वाचता येत नाही – शाळेच्या वयात मी मेंढ्यांमागे होते – पण त्याचे खिळे बोटांनी ओळखते.

हे सगळं सून लिहितेय. रैहान, लिही : सुनेचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. लिहिलंस? शहाणी.

४ मार्च
डबा उघडला. सिरगाचं तोंड उतरलं. "अपा, अर्धे खिळे कुठं गेले?"

कुठं जाणार? गावातल्या पोरांच्या उशाखाली! घाबरलेलं पोर आणतात. त्याच्या डोक्यावर पाण्याचा वाडगा धरायचा, त्यात पळीत वितळवलेलं शिसं ओतायचं. चर्र! भीती शिशात उतरते. ते शिसं पोराच्या उशाखाली जातं, परत येत नाही. म्हाताऱ्याला माहीत होतं. म्हणायचा, "या खिळ्यांनी लोकांना फार घाबरवलं. आता बरं करू देत."

"घोड्यावरून पडलीस तेव्हा तूही यानंच बोलायला लागलीस," म्हटलं. "ती चूकच झाली म्हण!"

हसली एकदाची. नशीब, प्रत्येक अक्षराचा एकेक खिळा उरलाय.

६ मार्च
खिळ्याला शाई लावते, कागदावर दाबते, मग तो छाप संगणकात घालून पडद्यावर तासन्‌तास घासत बसते. मुलांचं वाचनाचं पुस्तक या अक्षरांत छापणार, फोनवरही तेच दिसणार.

"फोनात अक्षरं नाहीत का?"

"आहेत. पण रशियनमध्ये नसलेली, फक्त आपल्या भाषेतली तीन बघ."

बघितली. खरंच की! लुकड्या मेंढ्यांत तीन गुबगुबीत, दुसऱ्याच कळपातल्या. म्हाताऱ्याचंही हेच दुखणं. त्याला ती तीन मिळायचीच नाहीत. मग दुसरे खिळे कानशीनं घासून, शिशाचा तुकडा डकवून स्वतः बनवली. गोल, पोटात आडवी काडी – ते त्याचं लाडकं. आमच्या तंबूच्या छतातलं गोल धुराडं म्हणायचा त्याला.

सिरगा म्हणते, अक्षरापेक्षा दोन अक्षरांमधली मोकळी जागा सांभाळायची असते. म्हटलं, सासू-सुनेचंही तसंच. रैहानचं पेन थांबलं!

झोपायला जाता जाता सिरगा म्हणाली, "अपा, आता एकही वितळवायचा नाही. शब्द दे."

दिला.

९ मार्च
शेजारची बुरुल लेकीला घेऊन आली. लग्नात चित्रं घेणारं उडतं यंत्र पोरीच्या डोक्यावर आलं. तेव्हापासून तोंड बंद. डोळे हे एवढे.

"शिसं संपलं गं," म्हटलं.

खोटं! बुरुल गेली. चहा ओतला, प्यायलाच विसरले.

१० मार्च
अजून बोलत नाही.

११ मार्च
गाडीच्या बॅटरीतलं शिसं ओतून पाहिलं. वाळूसारखं विखुरलं. पोरगी नुसती बघत राहिली. मी उठते, बसते, पुन्हा उठते. रैहान म्हणते, "अपा, गालिचा झिजेल."

शेवटी सिरगाला विचारलं – "या खिळ्यांत आपल्या घरचं काम न करणारा कोण?"

"तीन खुंट आणि शेपटी. उसन्या रशियन शब्दांतच येतो. पण तोही लागतो, अपा! एका छापावर भागत नाही, खिळा जवळ असावा लागतो..."

खिडकीतून बुरुलची पोर दिसत होती. सिरगानं बराच वेळ बघितलं. मग खिळा माझ्या हातात ठेवला.

वितळवून ओतला. बाहेरच्या यंत्राची उसनी भीती, उसनं अक्षर!

१२ मार्च
पोरगी बोलली. "त्या आजीच्या तोंडाला कांद्याचा वास येतो." बरी झाली!

१४ मार्च
सिरगा डबा घेऊन गेली. म्हाताऱ्याच्या लाडक्या खिळ्याची झीज फार, म्हणे शहरातच छाप घेईन. मी "ने" म्हटलं. कुणी म्हणायला लावलं? डब्याची फळी रिकामी. हात उगाच तिकडं जातो.

२० एप्रिल
अक्षरं आली रैहानच्या फोनवर. तिन्ही एकाच कळपातली दिसतात आता. शेपटीवालं सिरगानं निव्वळ छापावरून काढलं. रैहानला म्हटलं, ओळख कुठलं सिरगाचं, कुठलं म्हाताऱ्याचं. तिला जमेना.

मी बोट फिरवलं. काच! गुळगुळीत, गार. बोटाला काहीच लागत नाही. शिवाय खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं असतं, त्याचीच मला सवय; ही सगळी मला उलटी दिसतात. माझा म्हातारा यात कुठं शोधायचा?

२ मे
डबा परत आला. सोबत चिठ्ठी, रैहाननं वाचली : "अपा, अक्षरं आता कुठं जात नाहीत. वितळव."

संध्याकाळी कुत्र्याला घाबरलेलं एक पोर आणलं. डब्यात हात घातला. बोटाला लागलं – गोल, पोटात काडी.

तेच घातलं पळीत.